‘का’ न विचारता निघणारी माणसं

मी बेंगळुरूच्या चामराजपेटेत ब्लाउज शिवते. जे टेपने मोजता येत नाही ते मी मानत नाही. भूत-बित, अंगात येणं, सगळं थोतांड! कुणी असलं काही सांगायला लागलं की मी मशीन जोरात चालवते. तरी आज लिहितेय, कारण हे पोटात ठेववत नाही.

विजू माझा धाकटा भाऊ. आम्ही मूळ निपाणीकडचे, जन्म मात्र इथलाच. विजूची दारू इतकी वाढली की सकाळी प्यायल्याशिवाय हातात चहाचा कप ठरेना. डॉक्टर म्हणाले, एकदम सोडली तर जिवावर बेतू शकतं. घरीच सोडवायची तर औषधं वेळेवर हवीत आणि सतत कुणीतरी जवळ हवं. मी एकटी बाई... माणसं आणू कुठून?

पण आली. डॉक्टरांनीच नंबर दिलेल्या एका गटातली, सगळी स्वतः दारू नाहीतर नशेच्या गोळ्या सोडलेली. पाळी लावून विजूजवळ बसायची. पीण्या इंडस्ट्रियल एरियात लेथवर काम करणारा मंजण्णा, के. आर. पुरमहून येणाऱ्या लीलाम्मा... उलटीची बादली धुताना नाक मुरडायची नाहीत, आणि उपदेश तर औषधालाही नाही! त्यांचा एक नियम होता — गटातल्या कुणाचा ‘या’ म्हणून फोन आला की निघायचं. का, काय झालं, विचारायचं नाही.

"कारण सांगायची लाज वाटली अक्का, की माणूस फोन ठेवतो आणि सरळ दुकान गाठतो," मंजण्णा म्हणाला होता. देवमाणसं हो, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

त्या दुपारी विजू शांत झोपला होता. पाळीचा माणूस मार्केटच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला. मी भात लावत होते, तोच खाटेचा खडखडाट ऐकू आला. बघते तर विजू ताठ, डोळे पांढरे, तोंडाला फेस. फिट! चाव्यांचा जुडगा आणि चमचा घेऊन धावले — आमच्याकडे फिट आली की हातात लोखंड देतात, दातांत चमचा घालतात.

"बेडा अक्का, नको! तोंडात काही घालू नका!"

दारात मंजण्णा. कामाचे कपडे तसेच, हात ग्रीसने काळे. त्याने विजूला कुशीवर वळवलं आणि तेवढ्यात विजूला उलटी झाली. उताणा असता तर तिथेच गुदमरला असता. मागोमाग लीलाम्मा धापा टाकत जिना चढून आल्या.

"खाली ऑटो थांबवलीय. चला!"

विजू वाचला. हॉस्पिटलच्या बाकावर मी त्या दोघांचे हात धरून ढसाढसा रडले. मग विचारलं, आज तुमची पाळी नव्हती, तुम्हाला कळलं कसं?

"विजूचा फोन आला ना," मंजण्णा म्हणाला. "‘बन्नी’ म्हणाला. या, एवढंच. मशीन बंद केलं आणि निघालो."

"मलाही तेच," लीलाम्मा म्हणाल्या.

अहो, पीण्याहून यायला तास तरी लागतो, पुरमहून त्याहून जास्त! म्हणजे ही दोघं निघाली तेव्हा विजू गाढ झोपेत होता. आणि त्याचा फोन बंद करून माझ्या मशीनच्या खणात ठेवलेला, जुने पिणारे दोस्त नकोत म्हणून. दोघांच्या मोबाइलमध्येही त्या कॉलचा मागमूस नाही. मी डोकं धरून बसले. ती दोघं मात्र "सरी, ठीक आहे, वेळेवर पोचलो ना?" म्हणून इडली खायला गेली!

योगायोग म्हणाल. एकाला भास झाला असेल, पण दोघांना एकदम?

विजू आता पीत नाही, गटात इतरांजवळ पाळीला बसतो. गेल्या रविवारी माझ्यासमोर जेवत होता. त्याचा फोन फ्रिजवर, चार्जिंगला लावलेला, बंद. मी डोळ्यांनी बघत होते. अर्धी भाकरी तशीच टाकून तो उठला, हात धुतले, चपला घातल्या.

"कुठे रे?"

"फोन आला, अक्का."

‘कुणाचा’ अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि त्याच्यासाठी दार उघडलं.