व्हर्नाबाईंची जागा

व्हर्ना लिंडक्विस्ट जन्मात कधी जागा राखून ठेवून कॅम्पिंगला गेली नव्हती. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली ही मिनेसोटाची बाई. ट्रेलर गाडीला जोडायची, मनातल्या मनात प्रार्थना म्हणायची आणि निघायची.

नवरा ऑरिन चिडवायचा, "देव काय कॅम्पग्राउंडचा मॅनेजर आहे?"

"तुझ्यापेक्षा बरा आहे. कधी जागा नाही म्हणाला नाही."

पण यंदा थोरल्या बहिणीचं, मर्टलचं, मन होतं. ऐंशी पुरी झाली होती, गुडघे गेलेले. लहानपणी वडिलांनी जिथं पोहायला शिकवलं, त्या लाँग लेकच्या पाण्यात तिला पाय सोडून बसायचं होतं. पुढच्या उन्हाळ्याची खात्री तिला स्वतःलाच नव्हती. म्हणून ऑरिननं महिनाभर आधीच जागा राखली.

तळ्यावर पोचल्यावर कॅम्पग्राउंडच्या फाटकावरच्या बाईंनी यादी पाहिली आणि हसू दाबलं. "तुम्ही जागा राखलीत ते लाँग लेक वेगळं, आजोबा. इकडून चार तासांवर. आपल्या राज्यात लाँग लेक नावाची तळी शिंपडल्यासारखी आहेत! आणि इथं तर सगळं भरलंय."

ऑरिनचं तोंड एवढंसं झालं. मागच्या सीटवरून मर्टल म्हणाली, "जाऊ दे गं, पाणी दिसलं ना लांबून."

ते ऐकून व्हर्नानं कॉफीचा थर्मास उचलला आणि ती तळ्याकडे चालू लागली. पाण्याकाठच्या जागेवर एक जोडपं भांडत होतं.

"डास खाऊन टाकताहेत मला! निघू या."

"अजून एक दिवस. मोठा मासा आहे तिथं."

व्हर्नाला बघून बाई म्हणाली, "तुम्हीच सांगा हो, राहायचं की जायचं?"

"मला विचारू नका," व्हर्ना कप भरत म्हणाली, "मी लोभी आहे. तुमची जागा मला हवीय, बहिणीसाठी." आणि तिनं मर्टलचं सगळं सांगितलं.

त्या बाईच्या नवऱ्यानं गळ गुंडाळायला घेतला. मग म्हणाला, "तसाही तो मासा माझ्यावर रुसलाय." बायकोनं तत्क्षणी खुर्च्या मिटल्या. उरलेली लाकडं मात्र कॅम्पिंगच्या रिवाजाप्रमाणे पुढच्यांसाठी शेकोटीपाशी रचून ठेवली.

व्हर्ना ट्रेलर मागे घेऊ लागली तसे आजूबाजूचे सगळे खुर्च्या टाकून बघायला बसले. ऑरिन हात हलवत ओरडला, "डावीकडे! अगं, माझ्या डावीकडे!" ट्रेलर जागेवर बसताच लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दोघांनी धरून मर्टलला काठावर बसवलं. पाय पाण्यात जाताच ती किंचाळली, "बाप रे, गार! अजून तसंच गार!"

ऑरिन जेवायला हाका मारत राहिला. मर्टल काही उठेना.