एकच चिठ्ठी, दर गुरुवारी

माझ्या वहिनीचा आवाज रोज हजारो माणसं ऐकतात आणि रस्त्यात भेटली तर त्यातलं एकही तिला ओळखणार नाही. बस स्टँडवर फलाट दोन आणि तीनच्या मध्ये एक काचेची खोली आहे. आत एक माईक, एक फोन, भिंतीवर वेळापत्रक आणि कुरकुरणाऱ्या पंख्याखाली वहिनी. कंट्रोलरचा फोन आला की ती बटण दाबते आणि सांगते, कोणती गाडी, किती वाजता, कुठल्या फलाटावरून. बावीस वर्षं झाली. मी घरी मशीनवर शाळेचे गणवेश शिवते आणि दिवसभर तोंडाचा पट्टा चालू ठेवते, तरी बोलण्याचा पगार मिळतो तो वहिनीला. असतं एकेकाचं नशीब.

गाडी कुठे अडकली आणि कधी येणार हे कळलं नसेल, तर वहिनी अंदाज सांगत नाही. माहिती अजून आलेली नाही, आली की कळवू, एवढंच. लोक काचेवर टकटक करतात, नको ते बोलतात, ही ढिम्म. नवीन असताना तिने एकदा अंदाजाने वीस मिनिटं सांगितली होती. एक म्हातारा तेवढ्यात चहा प्यायला गेला आणि त्याची गाडी निघून गेली. ते तिला अजून लागून राहिलंय.

बायबलसुद्धा ती तसंच वाचते, हातात पेन्सिल घेऊन. हे कोण बोललं, कुणाला बोललं, केव्हा बोललं, हे समासात लिहिल्याशिवाय पान उलटायचं नाही. मी म्हणते, अगं, देवाचं वचन आहे की गाड्यांचं वेळापत्रक? ती म्हणते, चुकीच्या फलाटावर उभं राहिलं की दोन्हीकडे सारखंच नुकसान. दादा, म्हणजे माझा भाऊ, अशा वेळी पेपरात डोकं खुपसून बसतो. बायको आणि बहीण यांच्या मध्ये पडायचं नाही, एवढी अक्कल त्याला लग्नात मिळाली.

आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी संध्याकाळी प्रश्नांचा वर्ग भरतो. दारापाशी पत्र्याची पेटी असते. ज्याला जे विचारायचं ते चिठ्ठीवर लिहून टाकावं, नाव लिहायचं नाही. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर एकेक चिठ्ठी काढून उत्तर द्यायचे. प्रश्न ठरलेले. आदामाचा मुलगा काईन, त्याला बायको कुठून मिळाली? देव चांगला आहे तर आजार का? पिता, पुत्र, आत्मा, मग देव तीन की एक? आणि या सगळ्यांत दर गुरुवारी, न चुकता, एक चिठ्ठी यायची. निळी शाई, बारीक अक्षर. 'बाप्तिस्मा होण्याआधीच गेलेलं मूल कुठे असतं?'

मास्तर म्हणायचे, देव न्यायी आहे, आणि पुढची चिठ्ठी उचलायचे. पुढच्या गुरुवारी ती निळी चिठ्ठी पुन्हा हजर. लिहिणारं कोण, हे शोधायला मी डोळ्यांत तेल घालून पेटीवर नजर ठेवली, पण काही पत्ता लागला नाही. वहिनी मला रागावली. ज्याचं दुखतं त्याला लपू दे, म्हणाली.

मग मास्तरांच्या घशाचं ऑपरेशन झालं. बोलायची बंदी. त्यांनी पाटीवर लिहून पाळकसाहेबांना सांगितलं की वर्ग वहिनीला द्या. वहिनी आधी नाही म्हणाली, पण घरी येऊन तिने दोनदा भाजीत मीठ घातलं, तेव्हाच मी ओळखलं की बाईला मनातून किती हवंय ते.

चार गुरुवार तिने वर्ग घेतला आणि काय सांगू, खोलीत खुर्च्या पुरेनात. काईनाच्या बायकोबद्दल तिने सरळ सांगितलं की माहिती आलेली नाही. लोक हसले, पण रागावलं कुणी नाही. देव तीन की एक, यावर म्हणाली की लिहिलंय तेवढं मी सांगते, माझ्या डोक्यात ते मावत नाही. पण गाडीत माणूस मावला नाही म्हणून माणूस खोटा ठरतो का? मास्तर पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते.

निळ्या चिठ्ठीलाही तिने तेच उत्तर दिलं. माहिती अजून नाही, शोधते. आणि खरंच शोधायला लागली. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, जेवणाच्या सुट्टीत, पेन्सिल कानावर अडकवून. चौथ्या आठवड्यात ती घरी आली ती चपला न काढताच माझ्या मशीनपाशी उभी राहिली. सापडलं, म्हणाली. येत्या गुरुवारी सांगते.

तो गुरुवार तिला मिळालाच नाही.

स्टँडसमोर चष्म्याचं दुकान आहे. त्याचे मालक आमच्या चर्चचा कारभार बघणाऱ्या पाच वडीलधाऱ्यांपैकी एक. सगळे त्यांना चष्मेवाले काका म्हणतात. माणूस सरळ, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. त्यांनी बैठकीत बायबलातलं पौलाचं पत्र उघडलं आणि दाखवलं की स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं असं स्वच्छ लिहिलंय. झालं. वर्ग काकांकडे गेला आणि वहिनी तिसऱ्या रांगेत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनीने मला तेच पत्र तीन अध्याय मागे उघडून दाखवलं. तिथे पौल सांगतो की स्त्रीने प्रार्थना करताना, संदेश देताना डोकं झाकावं. म्हणजे बायका बोलत होत्या, तेही सगळ्यांसमोर, आणि पौलाला ते ठाऊक होतं. मी म्हटलं, मग हे बैठकीत जाऊन सांग ना. त्यावर ती म्हणाली, "माझ्या फायद्याचं वचन मीच कसं वाचून दाखवू? उद्या प्रत्येक जण तेच करेल." अशा माणसाशी भांडणार तरी कसं? मी दोन दिवस गणवेशांवरच राग काढला.

वर्ग गेल्याचं तिने गिळलं. पण उत्तर सापडलंय आणि ज्याला हवंय त्याला देता येत नाही, हे तिला गिळता येईना. माणूस माहीत नाही, मग जाऊन सांगायचं कुणाला?

त्यात भर म्हणजे काकांनी वर्ग घेतल्यापासून निळी चिठ्ठी यायची बंद झाली. एक गुरुवार, दोन, तीन. काका प्रश्न वाचायचे, वचन वाचायचे, बसा म्हणायचे. खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या, पण वहिनीचं लक्ष खुर्च्यांकडे नव्हतं. तिचा जीव त्या चिठ्ठीत अडकला होता. कुणीतरी वाट बघून बघून आशा सोडली, असं ती म्हणायची. पाचव्या गुरुवारी तिने स्वतःच चिठ्ठी लिहिली. तोच प्रश्न, पेन्सिलीने.

त्या दिवशी पेटीत तेवढी एकच चिठ्ठी निघाली. काकांनी उघडली, वाचायला तोंड उघडलं आणि तसेच उभे राहिले. कागद जवळ धरला, लांब धरला. जन्मभर दुसऱ्यांचे नंबर काढणारा माणूस, आणि मला वाटलं, यांना स्वतःलाच दिसत नाहीये.

"हे कुणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

नाव विचारायचं नाही हा वर्गाचा पहिला नियम. पण वहिनी उठली. म्हणाली, "मी लिहिलं, काका. ही चिठ्ठी दर गुरुवारी यायची, ती बंद झाली. ज्याची होती ते माणूस अजून वाट बघत असेल, असं वाटलं मला."

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "माझी होती."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी आख्खी खोली धुंडाळली होती आणि चिठ्ठी लिहिणारा माझ्या डोळ्यांसमोर बसत होता.

मग तो ताठ मानेचा माणूस खाली बघून बोलायला लागला. चौतीस वर्षांपूर्वी त्यांना मुलगा झाला होता. बाप्तिस्मा लगेचच्या रविवारी ठरला होता. पण काकांचा भाऊ लांबून यायचा होता, म्हणून त्यांनीच तो एक आठवडा पुढे ढकलला. बाळ नव्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी गेलं. काकू नको म्हणत असताना, मीच ढकलला, असं ते दोनदा म्हणाले. त्या दिवसापासून घरात दोघांनी हा विषय काढला नाही. आणि वर्ग हातात आल्यावर चिठ्ठी टाकणार कशी? उत्तर द्यायला तेच उभे होते.

माझा सगळा राग कुठे गेला कोण जाणे. मला त्या माणसाची फार दया आली.

"तुम्हाला काही सापडलं होतं का?" त्यांनी वहिनीला विचारलं.

वहिनीने जागेवरूनच सांगितलं. दावीद राजाचं बाळ सातव्या दिवशी गेलं. त्या यहुदी लोकांत आपल्या बाप्तिस्म्यासारखी मुलावर देवाच्या कराराची खूण, म्हणजे सुंता, व्हायची ती आठव्या दिवशी. आता हा सातवा दिवस जन्मापासूनचा की आजारपणाचा, ते तिथे पक्कं लिहिलेलं नाही, हेही तिने सांगितलं, लपवलं नाही. जन्मापासूनचा धरला, तर एका दिवसाने राहिलं. बाळाचं नावसुद्धा लिहिलेलं नाही. आणि दोष कुणाचा होता, तर बापाचा, तेही तिथेच लिहिलंय. तरी बाळ गेल्यावर दावीद उठला, अंघोळ केली, देवाच्या घरी जाऊन आला, जेवला. खूण झाली होती की नाही, हे त्याने कुणाला विचारलंच नाही.

"पुढे तो काय म्हणाला ते मी वाचू का?" वहिनीने विचारलं. तिची पुस्तकातली खूण तयार होती.

काकांनी भिंतीकडे बघितलं. तिथे नेहमीच्या जागी काकू बसल्या होत्या, पदराचं टोक मुठीत धरून. दोन्ही कानांनी त्यांना फार कमी ऐकू येतं. एवढा वेळ काय चाललंय, हे त्या नवऱ्याच्या चेहऱ्यावरून वाचत होत्या.

काका टेबलामागून बाजूला झाले. आपली खुर्ची त्यांनी स्वतः उचलून काकूंशेजारी नेली आणि तिथे बसले.

"पुढे या," ते म्हणाले. "इथे उभ्या राहा आणि मोठ्याने वाचा. तिथून हिला ऐकू जात नाही."

वहिनी पुढे गेली. स्टँडवर जो आवाज लावते तोच लावला, प्रत्येक शब्द सुटा. ते माझ्याकडे परत येणार नाही, पण मी त्याच्याकडे जाणार आहे, असं त्या राजाने सांगितलेलं तिने वाचलं.

काकूंनी काकांचा हात धरला. मग वहिनीकडे बघून म्हणाल्या, "पुन्हा वाच गं."

वहिनीने पुन्हा वाचलं.