भिंतीचा फोटो

भिंतीलाही हुडहुडी भरते, हे मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कळलं. त्याआधी मी फार सुखी होतो असं नाही, पण भिंत तरी धड होती.

आईच्या खोलीच्या भिंतीत कुठूनतरी पाणी मुरत होतं. तीनदा चुना लावला, तीनदा पोपडे निघाले. आईचा खोकला थांबेना. शेवटी डॉक्टरांनी बजावलं, "पोंगलपर्यंत खोली कोरडी करा, नाहीतर ह्यांना मद्रासला धाकट्या मुलाकडे पाठवा." मद्रासचं नाव निघताच आईने माझ्याशी अबोला धरला. (खोकायची मात्र माझ्याकडे बघूनच!) ती गेली असती तर मला घर खायला उठलं असतं. हे तिला सांगायचं राहूनच गेलं.

आमचा नळवाला मुरुगेसन भिंतीवर बोटाने टकटक करून म्हणाला, "सार, गच्चीवरच्या टाकीचा जोड गळतोय." पण टकटकीवर विश्वास ठेवायचे दिवस का होते ते? देशात नवा परदेशी माल येऊ लागला होता! माझा मेहुणा माधवराव तिरुच्चीच्या एका कारखान्यात इंजिनियर. त्यांच्याकडे उष्णता दाखवणारा कॅमेरा आला होता. गरम ते लाल, गार ते निळं, अगदी थंडगार ते काळं.

"भावोजी, ओल असेल तिथे भिंत गार. न फोडता कळतं!" असं म्हणून त्याने साहेबांच्या विनवण्या करकरून ते धूड एका रविवारापुरतं मागून आणलं.

मी त्याला आणायला बसस्टँडवर निघालो.

"कोण येतोय रे?" आईने अबोला सोडून विचारलं.

"माधवराव. तुझ्या भिंतीचा फोटो काढायला," असं सांगून मी चालू लागलो. इथेच माझं चुकलं.

परत येऊन यंत्र लावलं, तर पडद्यावर भिंत निळीशार!

"अय्यो, भावोजी! इथे तर तळं आहे!"

निळा रंग जमिनीपासून हात पोचेल तितक्या उंचीपर्यंत, वर एकदम पिवळा, फक्त छताशी एक बारीक निळा ओघळ. पलंगाजवळ तर काळाभोर डाग. (पाणी असं मोजूनमापून कसं मुरतं, हा प्रश्न आम्हा दोन पदवीधरांना पडला नाही.) मुरुगेसनला बोलावलं.

"सार, एकदा टाकी बघू या का?"

"मुरुगेसन, यंत्र खोटं बोलत नाही! फोड!"

पहिलं भोक पाडलं. आतला पाइप कोरडा ठणठणीत. "थोडं डावीकडे," माधवराव म्हणाला. तिथेही कोरडा. "आता मधोमध, जोरात!" हे मी म्हणालो. हातोडा आरपार गेला, विटांचा ढीग पडला आणि पलीकडे स्वयंपाकघरात उभी असलेली बायको दिसली.

"अहो, कॉफी इथूनच देऊ का?"

आवाज ऐकून आई आली. "फोटो बरा आला की नाही?"

"आई, तू भिंतीला काही केलंस का?"

"केलं की! तू बसस्टँडला गेलास, तेव्हा ओलं फडकं घेऊन हात पोचतो तिथवर अस्क, सगळी भिंत पुसून काढली. फोटो काढायला माणूस येतोय, आणि भिंत पारोशी ठेवू? माझ्या डोक्याच्या तेलाचा डाग होता पलंगाजवळ, तो तर चारदा घासला."

माधवरावाने गुपचूप कॅमेऱ्याला झाकण लावलं. मुरुगेसन गच्चीवर गेला, पंधरा मिनिटांत टाकीचा जोड नीट करून खाली आला आणि पडलेल्या विटा कोपऱ्यात रचू लागला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गवंडी आज येतो, उद्या येतो करत आलाच नाही. भोक तसंच राहिलं. त्यातून वारा वाहू लागला, चुलीची ऊब येऊ लागली, भिंत वाळली. आई पलंगावरूनच विचारू लागली, "सुनबाई, साराला मीठ घातलंस का?" दर वेळी बायको भोकातून माझ्याकडे बघायची. मी पेपर वाचायचो.

पोंगलला डॉक्टर आले. छाती तपासली, भिंतीला हात लावला. "खोली कोरडी, हवा खेळती! आता मद्रास कशाला?" आईने डोळ्यांना पदर लावला. मलाही भरून आलं.

मग डॉक्टरांनी त्या भोकाकडे बघत माझी पाठ थोपटली. "इतका विचार करून नेमक्या जागी झरोका काढणारा मुलगा मी पाहिला नाही!"

माझ्या अकलेचं असं चारचौघांत कौतुक आयुष्यात एकदाच झालं, तेही मी चुकीच्या जागी भिंत फोडली म्हणून!