घाबरण्याचं काम

दिम्फना व्हान होयडोंकला आयुष्यात एकच काम कधी जमलं नाही, ते म्हणजे घाबरणं. आणि म्हातारपणी नेमकं तेच तिच्या गळ्यात पडलं.

हॉलंडच्या दक्षिणेला, ब्राबांटच्या वाळूत तिचा जन्म गेला. वसंतात ॲस्परॅगसचे वरंबे ओळीनं निजलेले असत, आणि पहाटेच्या धुक्यात वाकून ती त्यांच्या पोटातले पांढरे कोंब काढत असे. गडी दमत, ही दमत नसे. पण तिचं खरं राज्य सप्टेंबरात. गावोगाव तेव्हा डेलियाच्या फुलांचे रथ उभे राहतात. घोडे, मासे, राक्षस, देवळाएवढे उंच. गावातले तगडे बाप्ये पहिल्या फळीवर उभे राहून चर्चा करत, आणि दिम्फना खिळ्यांची पिशवी दातात धरून माथ्यावर पोचलेली असे. घोड्याच्या कानाच्या टोकाला शेवटचं फूल तिनंच ठोकायचं, असा रिवाज पडला होता.

अशाच एका घोड्याच्या कानावरून ती खाली आली. पाठीचा मणका गेला, पाय गेले. दवाखान्यात लोक भेटायला येऊन डोळे पुसत, तेव्हा ती विचारायची, "रथाचा नंबर कितवा आला?"

"दुसरा."

"दुसरा? मग रडा. त्याच्यासाठी रडा."

तर अशा बाईला तिचा मुलगा टून दर उन्हाळ्यात घाबरायला घेऊन जाई.

गावापासून तासाभरावर पाइनच्या रानात एक मोठी करमणूक बाग होती. तिथं लाकडी रुळांचा एक रोलर कोस्टर होता, त्याला म्हणत 'लांडगा'. रानाच्या शेंड्यांवरून तो वर चढे आणि असा काही कोसळे की दूरच्या शेतातल्या गाईसुद्धा मान वर करत. त्याच्यापुढची रांग मुंगीच्या वारुळासारखी संपता संपत नसे. पण चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला बागेनं एक कार्ड दिलं होतं. कार्डावर त्याचा फोटो, आणि सोबतीला तिघे. रांग लावायची नाही, बाहेर पडायच्या दारानं उलटं आत जायचं, लिफ्टनं वर फलाटावर पोचायचं. अट एकच. कार्डवाल्या माणसानं स्वतः बसलं, तरच सोबत्यांनी बसायचं.

कार्ड देणाऱ्यांनी फार चांगुलपणा केला होता. जागोजागी निळ्या पाट्यांवर खुर्चीतलं हसरं माणूस काढलं होतं. दिम्फना त्याला म्हणे, "हसतोस काय, मेल्या, तुला कुणी बसवलंय का अजून?"

टूनला कार्डाचा उपयोग पहिल्याच दिवशी कळला होता. तो आईला लिफ्टनं वर नेई, फलाटावर खुर्ची उभी करी, आणि गाडी आली की खाली वाकून, वासराला चुचकारावं तशा आवाजात म्हणे, "घाबरलीस होय गं आई? नको बसायचं? बरं, राहू दे राहू दे. तू बस इथंच, आम्ही चटकन येतो हं."

फलाटावरच्या माणसांना दया येई. एवढं लांबून आलेले हे लोक, म्हातारी ऐनवेळी भ्याली, त्यात यांचा काय दोष? जा, बसा. टून पुढच्या बाकावर बसे आणि वर गेल्यावर सर्वांत मोठ्यानं ओरडे. दिम्फना खाली बसून त्याचा तो आवाज ऐके. बापासारखं अंगानं वाढलं पोरगं, आणि आईच्या मोडक्या कण्याची शिडी करून चढलं, असं तिच्या मनात येई.

मग ती का सोसत होती? तर घरच्या खिडकीतून समोरच्याच्या कुंड्या बघत रविवार काढण्यापेक्षा पाइनचा वास बरा. नात फेमके लाडकी होती. आणि खोल कुठंतरी एक हट्ट दबा धरून बसला होता, की एकदा, एकदाच, त्या लांडग्याच्या पाठीवर आपण बसायचं. वरून रान बघायचं. बसवा म्हणून टूनला तिनं दोनदा सांगितलंही होतं. "तुला झेपायचं नाही," म्हणून त्यानं विषय मिटवला होता.

सुनेकडून तर तिला कसलीच आशा नव्हती. यित्स्के उत्तरेकडची, मोठ्या नद्यांच्या पलीकडची, थेट फ्रिसलंडची. तिकडचे लोक कॉफीबरोबर पाहुण्याला एक बिस्किट देतात आणि डब्याचं झाकण लावतात. लग्नानंतर पहिल्याच भेटीत यित्स्केनं तसं झाकण लावलं, आणि त्याच क्षणी सासूच्या मनातलं दारही लागलं. सासूला सरळ नावानं हाक मारते, बोलते मोजून, हसते त्याहून मोजून. "दगडाला कपडे घातलेत," असं दिम्फना शेजारणीला सांगे.

त्या दिवशी फलाटावर नवी मुलगी होती. उमायमा तिचं नाव, डोक्याला रुमाल, कमरेला किल्ल्या. टूननं नेहमीची खुर्ची नेहमीच्या जागी लावली, यित्स्के आणि फेमके मागं उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्याला जरा जास्तच रंग चढला होता. रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या लोकांना ऐकू जावं म्हणून तो म्हणाला, "आमची आई पहिल्यापासूनच भित्री हो. साध्या स्टुलावर चढली नाही कधी जन्मात!"

गाडी येऊन उभी राहिली होती. दिम्फनानं मान वळवून पोराकडे पाहिलं. असं, की कुजका बटाटा हाताला लागल्यावर पाहावं.

"कोण भित्री?"

"अगं आई, नेहमीसारखं..."

"नेहमीसारखं तू बोललास, मी नाही. ए पोरी, मला बसायचंय."

उमायमा पुढं आली. "बसा की. फक्त एक सांगा, गाडी वर अडकली तर सगळ्यांना बाजूच्या जिन्यानं उतरवतात. तुम्हाला कोण उतरवणार? सोबतच्या मोठ्या माणसानं जबाबदारी घ्यावी लागते."

सगळ्यांनी टूनकडे पाहिलं. टूननं आधी स्वतःच्या बुटांकडे पाहिलं, मग कमरेवर हात ठेवला. "माझ्या कमरेचं जरा दुखणं आहे."

"कार्निव्हलला बिअरचं पिंप खांद्यावर घेऊन चौकात नाचलास," दिम्फना म्हणाली, "तेव्हा ही कंबर कुठं ठेवली होतीस? मामाच्या घरी?"

रांगेत हशा पिकला. एक टकला गृहस्थ म्हणाला, "अहो, पिंप हलकं होत जातं ना!"

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. इतकी वर्षं मला बघितलं, आज तुला बघू देत."

उमायमानं शांतपणे सांगितलं, "कुणी जबाबदारी घेत नसेल तर यांना बसवता येणार नाही. आणि या बसल्या नाहीत तर तुम्हीपण नाही. खाली जाऊन रांगेत उभं राहा."

दिम्फनाचे हात खुर्चीच्या चाकांवर घट्ट झाले. आता खाली जायचं. पुन्हा कधी कुणी वर आणणार नाही, हे तिला कळत होतं. नियम खरा होता, आणि खऱ्या नियमाला शिव्या देता येत नाहीत, म्हणून ती आणखी चिडली होती.

"मी उतरवीन," यित्स्के म्हणाली.

"तू?" मायलेक एकदमच म्हणाले.

"दिम्फना, तुमच्याहून जड माणसं मी वृद्धाश्रमात रोज सकाळी उठवते, धुते आणि खुर्चीत बसवते. ती चावतातसुद्धा."

"मीही चावेन."

"चावा. फक्त हात माझ्या गळ्यात टाका, आणि अंग ताठ नका करू."

उमायमा म्हणाली, "करून दाखवा."

यित्स्केनं पाय फाकवून रोवले, गुडघे वाकवले, सासूला छातीशी घेतलं आणि एका झोकात उचलून गाडीच्या बाकावर ठेवलं. ॲस्परॅगसची भरलेली टोपली दिम्फना जशी उचलत असे, तशीच, पाठीनं नाही तर मांड्यांनी. म्हातारीनं ते ओळखलं आणि तोंड फिरवलं.

"आता खुर्ची कुणीतरी धरायला हवी," उमायमा टूनकडे बघून म्हणाली. "फलाट उताराचा आहे."

फेमके मागच्या बाकावर, सासू-सून पुढच्या. दांडा खाली आला, गाडी हलली. साखळीचा कटकट आवाज करत लांडगा वर निघाला. पाइनचे शेंडे खांद्याला लागले, मग पायाशी गेले. पार पलीकडे तपकिरी माळ, एका चर्चचा मनोरा, उन्हात पडलेले वरंबे. घोड्याच्या कानावरून दिसायचं ते सगळं तिथंच होतं, कुणी हलवलं नव्हतं. दिम्फनानं एकदा खोल श्वास घेतला. यित्स्केनं डोळे गच्च मिटून तिचा दंड धरला होता.

"काय गं, भ्यालीस?"

"गप्प बसा, दिम्फना."

मग लांडगा कोसळला.

खाली फलाटावर टूनला उभं राहून कंटाळा आला, आणि बसायला दुसरी जागा नव्हती. तो आईच्या खुर्चीत बसला. नव्या फेरीला आलेल्या एका आजीबाईंनी त्याला पाहिलं आणि त्याच्या गालावर हात फिरवला. "भ्यालास होय रे बाळा? असू दे हं. सगळ्यांनाच नाही जमत."

नेमकी तेव्हाच गाडी आत आली. ते वाक्य पुढच्या बाकावर स्वच्छ ऐकू गेलं.

"कसं वाटलं?" उमायमानं विचारलं.

"खडखड फार," दिम्फना म्हणाली. तिचे केस उभे राहिले होते आणि टोपी रानात गेली होती. "आमचा घोडा याहून उंच होता. याच्यासाठी मला इतकी वर्षं भित्री ठरवलं? ऊठ रे, माझी खुर्ची दे."

दुपारी पाइनखाली चादर पसरून यित्स्केनं थर्मास काढला, कॉफी ओतली, प्रत्येकाला एक बिस्किट दिलं आणि सवयीनं झाकण लावलं. मग तिचा हात थांबला. सासू झाकणाकडे बघत होती. यित्स्केनं डबा पुन्हा उघडला आणि पुढं केला.

"नको," दिम्फना म्हणाली. "लाव झाकण. पोट हलकं बरं. उमायमानं कार्डावर पुढच्या फेरीची वेळ लिहून दिलीय."

"मग मी कधी बसायचं?" टून म्हणाला.

"तू?" म्हातारीनं कॉफीचा घोट घेतला. "तू बस की. खुर्ची आहेच."