पडदा चालू दिसत होता

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या छातीत दुखायला लागल्याचा फोन आला, तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होते. गावी बदनापूरला जायची गरजच उरली नाही, कारण शेजाऱ्यांनी त्यांना तोवर जालन्याच्या एका खासगी दवाखान्यात दाखल केलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी अतिदक्षता विभागात त्यांच्यापाशी बसले होते. चार खाटा होत्या. प्रत्येक पेशंटच्या छातीवरच्या वायरी एका कॉम्प्युटरला जोडलेल्या. त्याचा एक पडदा सिस्टरच्या टेबलावर आणि दुसरा भिंतीवर, डॉक्टरांना आत शिरताच दिसावा म्हणून.

त्या पडद्याच्या कोपऱ्यातली खूण बघून मला आधी बरं वाटलं. ती आमच्या कंपनीची होती. पडद्यावर चित्र उमटवणारा आतला प्रोग्राम, ज्याला आम्ही ड्रायव्हर म्हणतो, तो मी लिहिला होता.

तीनच्या सुमारास सफाईच्या मावशी फरशी पुसत आल्या. बादली सरकवताना भिंतीवरच्या पडद्याची केबल निघाली आणि तो काळा झाला. सिस्टरनं आपल्या टेबलावर नजर टाकली.

"राहू द्या मावशी. इथला चालू हे ना," ती म्हणाली. "अण्णांचे ठोके अठ्ठ्याहत्तर. बराबर हे सगळं."

मीही वाकून पाहिलं. अठ्ठ्याहत्तर. हिरवी रेघ छान वरखाली काढलेली. पण ती पुढे सरकत नव्हती. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं तर सेकंदाचा आकडाही हलत नव्हता.

हे मला माहीत होतं. दोन महिन्यांपूर्वी कुठल्याशा दवाखान्यातून तक्रार आली होती, की केबल काढली आणि पडदा गोठला. मी वीसेक वेळा केबल काढून पाहिली, काही झालं नाही. 'पुन्हा घडवता आली नाही' असा शेरा मारून मी ती तक्रार बंद केली होती.

"सिस्टर, हे जुनं चित्र आहे!" मी ओरडले आणि अण्णांच्या खाटेकडे धावले. ते तोंड उघडं टाकून पडले होते. मी मनगट धरलं. नाडी लागेना. लागली असं वाटलं, तर ती माझ्याच बोटांतली धडधड होती. सिस्टर चारही खाटांवर आळीपाळीनं वाकत होती. अण्णांनी डोळे उघडले.

"काय करून राह्यली गं?"

मी तिथंच खाली बसले.

पडदा गोठलेल्या त्या चार मिनिटांत कुणाला काही झालं नाही, एवढंच. डॉक्टर आल्यावर मी त्यांना सांगून टाकलं, "हे मी लिहिलंय. चूक माझी आहे."

ते म्हणाले, "दुरुस्त करा. तोपर्यंत आमच्या सिस्टर हातानं नाडी बघतील."

अण्णांना घरी सोडल्यावर मी कंपनीतून तसलाच कॉम्प्युटर आणि दोन पडदे बदनापूरला मागवले. केबल निघाली, की ड्रायव्हरमधलं एक काम त्या पडद्यासाठी राखलेली मेमरी मोकळी करायचं. त्याच वेळी दुसरं काम त्या जागेत चित्र काढत असायचं. बहुतेकदा चित्र आधी संपायचं. क्वचित मेमरी आधी जायची, आणि मग सगळाच कारभार जागच्या जागी थिजायचा. माझ्या वीस वेळांत ती गाठ पडली नव्हती, एवढंच.

केबल ओढायला माझा हात धजेना. अण्णा खुर्ची घेऊन शेजारी बसले. निवृत्त होईपर्यंत त्यांनी कृषी संशोधन केंद्रात तुरीच्या वाणांच्या ओळीच्या ओळी न कंटाळता तपासल्या होत्या.

"काढू का?" त्यांनी विचारलं.

"काढा."

"मंग लावू?"

एक्केचाळिसाव्या वेळी पडदा गोठला. तो नुसता टेबलावरचा पडदा होता, अण्णा माझ्यासमोर बसले होते, तरी माझा हात त्यांच्या मनगटाकडे गेला.

पहिली दुरुस्ती फसली. दोन्ही कामं एकमेकांसाठी थांबून राहायला लागली आणि पडदा पुन्हा गोठला. अखेर मी अशी व्यवस्था केली, की शेवटचं काम हात काढून घेईपर्यंत मेमरी मोकळीच होणार नाही. शिवाय दोन सेकंदांत नवं चित्र आलं नाही, तर पडदा काळा करायचा. आमचे साहेब फोनवर म्हणाले, "अहो, काळा पडदा पाहून लोक घाबरतील."

"घाबरू दे," मी म्हणाले. "घाबरलेच पाहिजेत."

अण्णांनी तीन दिवस केबल काढली आणि लावली. पडदा गोठला नाही. तरी माझा विश्वास बसेना.

नवा ड्रायव्हर घालायला मी जालन्याला गेले, तेव्हा अण्णांच्या खाटेवर एक म्हातारी बाई होती. डॉक्टर तिचं मनगट धरून उभे राहिले आणि मला म्हणाले, "काढा केबल." मी केबलला हात लावला आणि तसाच मागे घेतला. शेवटी सिस्टरनंच ती ओढली. भिंतीवरचा पडदा काळा झाला. टेबलावरचे आकडे हलत राहिले. एक्क्याऐंशी, ऐंशी, ब्याऐंशी.

"चालू हे ताई," सिस्टर म्हणाली.

मी मान हलवली. पण डॉक्टरांनी त्या बाईचं मनगट सोडलं नव्हतं, आणि ते त्यांनी सोडू नये असंच मला वाटत होतं.