सगोत्र टाळायच्या नादात

लग्नं जुळवणं हा भानुमतीबाईंचा जुना छंद. गोत्र विचारल्याशिवाय बाई चहासुद्धा देत नाहीत, असं गुलमंडीत लोक चेष्टेनं म्हणायचे. नवरा गेल्यावर त्या शेंद्र्याजवळच्या पक्ष्यांच्या सांभाळ केंद्रात जाऊ लागल्या, फुकट राबायला.

तिथं वनखात्यानं दोन धाडींत चोरट्या विक्रेत्यांकडून सोडवलेल्या डोंगरी मैना आल्या. सगळ्या काळ्याभोर, केशरी चोचीच्या. एकटी ठेवलेली मैना खाणंच टाकायची, आणि बाईंचा जीव तुटायचा. बरं, एका धाडीतली म्हणजे भावंडंच असणार. सगोत्र कसं चालेल? म्हणून त्यांनी इकडची एक, तिकडची एक अशा जोड्या लावल्या. पटलं नाही की बदलायच्या. माणसांत कुठं असते ही सोय! पाखरं खाऊ लागली, घरट्यासाठी टांगलेल्या पेट्यांत अंडी आली. पावसाळ्यानंतर त्यांना रानात सोडायचं ठरलं, तेव्हा बाई लेकीची पाठवणी असल्यासारख्या मोहरल्या.

मग त्यांची भाची चारुता आली. सोडण्याआधीची मैनांच्या रक्ताची तपासणी तिनंच केली होती. तिचा उतरलेला चेहरा बघून बाईंनी हातातली फळांची वाटी खाली ठेवली.

चारुतानं हळूहळू सांगितलं. एका धाडीतल्या मैना दक्षिण सह्याद्रीतल्या, दुसरीतल्या ईशान्येकडच्या. दोन्ही दाट पावसाची रानं, पण पाऊस वेगळा, फळं पिकायचे महिने वेगळे. हजारो पिढ्या त्या त्या रानानं त्यांना घडवलं, आणि रक्त वेगळं होत गेलं. अशा मिसळलेल्या रक्ताचं पिल्लू रानात सुटलं, तर तिथल्या मूळ मैनांचं रक्तही हळूहळू पुसलं जाईल.

"म्हणजे मी वाटोळं केलं," बाई म्हणाल्या.

चारुतानं मग केंद्राच्या साहेबांचा हुकूम सांगितला: जोड्या फोडायच्या, अंडी काढून नष्ट करायची. नाहीतर एकही मैना रानात जाणार नाही, सगळ्या जन्मभर जाळीतच.

हे काम दुसऱ्या कुणाला करू द्यायला बाई तयार नव्हत्या. लावल्या मीच, मोडेनही मीच, म्हणाल्या. त्या पिंजऱ्यात शिरल्या तशा सगळ्या मैना एकदम गप्प झाल्या. पहिल्या पेटीतली मादी हटेना. बाईंनी तिला हातानं बाजूला सारलं आणि अंडं उचललं. ते गरम होतं. पदरात घेताना त्या थबकल्या, अंडं कानाशी नेलं.

"चारू," त्या म्हणाल्या, "हे आतून टोचतंय गं."

बाहेर उभ्या चारुतानं मान खाली घातली आणि अंडी गोळा करायचा डबा पुढं केला.