‘हो’वरची खूण

कल्याणला जेलजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. कैद्यांवर संशोधन करणाऱ्या एक प्राध्यापक मॅडम दर मंगळवारी फॉर्मच्या प्रती काढायला यायच्या आणि गठ्ठा काउंटरवर ठोकून सरळ करायच्या. एकदा त्यांनी मलाच फॉर्म दिला. ‘सुटून आलेल्याला कामावर ठेवाल का?’ मी बोलता बोलता ‘हो’वर खूण केली.

पुढच्या मंगळवारी त्या एका माणसाला घेऊन आल्या.

“दादा, हे कालच सुटलेत.”

“अहो मॅडम, ते फक्त कागदावर होतं.”

त्यांनी माझा फॉर्म पुढे ठेवला, वर पेन. “मग खोडा. यांच्यासमोर.”

मला पेन उचलवेना.

आता दुकान तोच माणूस उघडतो. परवा मॅडम फॉर्म घेऊन शेजारच्या मेडिकलमध्ये शिरल्या. मेडिकलवाल्यानंही हसत हसत ‘हो’वर खूण केली.